सतरा नंबरची गाडी

४ फेब्रुवारी

दादा,

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर आपलं पाचव्या मिनिटाला वाजतं आणि मग वहिनीला मध्ये पडावं लागतं. लिहिताना निदान तुला मधेच तोंड घालता येत नाही.

स्पर्धा यंदाही घ्यायची ठरली. तू मागे विचारलं होतंस की यात नेमकं पळतं कोण, आणि मी 'जाऊ दे, तुला नाही कळायचं' म्हणाले होते. चुकलं माझं. नीट सांगते. सगळ्यांकडे एकच प्रोग्रॅम असतो, मी गेल्या सुट्टीत तुझ्या कॉम्प्युटरवर घालून दिला तोच. ज्याने त्याने घरी बसून त्यात गाडी काढायची. सांगाडा, इंजिन, पत्रा, दारं, सगळं. मग ती फाइल आमच्याकडे पाठवायची. आम्ही ती नियमात बसते का ते तपासतो, आणि पास झालेल्या गाड्या एके दिवशी माझ्या मशीनवर एकाच रस्त्यावर सोडतो. चालवायला माणूस नाही, कॉम्प्युटरच सगळ्यांना सारखं चालवतो. म्हणजे जिंकते ती गाडी, ड्रायव्हर नाही. लोक घरबसल्या बघतात आणि पडद्यावर लिहून लिहून बोंबलतात.

आम्ही म्हणजे मी आणि घड्याळजी. डेपोत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. बसची वेळापत्रकं करता करता स्वतःच घड्याळ झालेत. डबासुद्धा ठरल्या मिनिटाला उघडतात.

गेल्या वर्षी जिंकलेली गाडी माझ्या मैत्रिणीची निघाली आणि लोकांनी मला धू धू धुतलं. मी काही केलं नव्हतं रे, पण सांगणार कुणाला? यंदा असं व्हायला नको. विषय टॅक्सी ठेवलाय. बाबांमुळे, पण ते मी कुणाला बोललेले नाही. नियम तू लिहून दे. जन्मभर कंपनीत नव्या गाड्यांची मातीची मॉडेलं घडवलीस, आता तो विभागही बंद झाला. रिकामा बसून वहिनीच्या डोक्यावर मिऱ्या वाटत असशील.

तुझी चिमी

९ फेब्रुवारी

चिमे,

मिऱ्या वाटायला तुझी वहिनी डोकं देते कुठे! संध्याकाळचा चित्रांचा वर्गही बंद केला. पोरांना हल्ली शिकायचं नसतं, नुसतं यायचं असतं. म्हणून वेळ आहे, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे नावं नकोत. गाडीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा ते तुझ्या घड्याळजींकडे कुलपात, निकाल लागेपर्यंत तुलाही कळता कामा नये. जो आपला नंबर तुला सांगेल तो बाद. तुझ्या मैत्रिणीसकट आणि माझ्यासकट, हो. असं केलंस तर सख्खा भाऊ उतरला तरी कुणाची बोलायची टाप नाही. टॅक्सी आहे तर चार माणसं बसली पाहिजेत, नुसत्या चार खुर्च्या नकोत, गुडघे मावले पाहिजेत. डिकी हवी. वजनाला मर्यादा घाल, सातशे किलो पुरे, आणि ते टाकी भरून मोज. रिकाम्या टाकीचं वजन म्हणजे लग्नाआधीचा फोटो.

आता मुख्य. नियम मोडला की गाडी बाहेर. दंड नाही, समज नाही, 'दुरुस्त करून पाठवा' नाही. एकाला सवलत दिलीस की दुसरा दारात उभा. तुझं मन लोण्याचं आहे, म्हणून आधीच बजावतो.

टॅक्सी म्हटल्यावर बाबांची डिकी आठवली. ते स्टेपनी काढत होते, तू वाकून बघत होतीस, आणि झाकण खाली आलं. तुझी दोन बोटं. तू रडली नाहीस, मीच रडलो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गाडीच्या डिकीला आतल्या कडेला एक खाच असते, लहान बोटं मावतील एवढी. साहेब विचारायचे, ही कशाला? मी सांगायचो, पाणी वाहून जायला. बत्तीस मॉडेलांत खपवली. वर्गातल्या पोरांनाही तेच घोकायला लावलं, गाडी काढायच्या आधी बोटं कुठे जातील ते बघा.

दादा

१५ फेब्रुवारी

दादा,

खाचेचं मला कधीच बोलला नाहीस! बोटं अजून वाकडी आहेत, थंडीत ठणकतात. पत्र वाचून मी ती कितीतरी वेळ धरून बसले. डेपोत घड्याळजींनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पाणी वाहून जातंय.

नियम सगळे मान्य, एक सोडून. चूक झाली की लगेच बाहेर म्हणजे फार होतं रे. माणसं महिना महिना खपतात. एक संधी द्यावी असं मला वाटतं. पण घड्याळजी तुझ्याच बाजूचे निघाले. 'तुमच्या बंधूंना भेटायला हवं' म्हणाले. दोघांनी मिळून मला गप्प केलं. ठीक आहे, बाहेर म्हणजे बाहेर.

रस्ता मी काढलाय. मध्ये एक खडीचा तुकडा आहे, तिथे चाक फुटू शकतं. सगळं गुळगुळीत ठेवलं तर टॅक्सी कशाला म्हणायचं?

आणि तुझी ही अक्षरं एवढी मोठी का? दुकानाच्या पाटीएवढी, ओरडून बोलल्यासारखी. बहिरी नाही झाले मी.

दादा, तू उतर ना. खरंच. माती नाही म्हणून हात बांधून बसू नकोस. तुझी एक गाडी तरी मला पळताना बघायचीय. मातीची बत्तीस केलीस, त्यातली किती पळाली?

चिमी

२० फेब्रुवारी

चिमे,

एकही नाही. तीन कारखान्यापर्यंत गेली, तिथे त्यांचं नाक कापलं, शेपूट कापलं, रस्त्यावर आली तेव्हा मला ओळखू येईना. माझी म्हणावी अशी एकही नाही. बरं विचारलंस.

अक्षरांचं म्हणशील तर वहिनीने चष्मा बदलून आणलाय आणि तो भिकार आहे. दुसरं काही नाही.

मी उतरेन की नाही हे विचारू नकोस. पण आजपासून निकाल लागेपर्यंत स्पर्धेचं चकार अक्षर मला लिहायचं नाही. रस्त्याचं नाही, नियमाचं नाही. जे सगळ्यांना सांगायचं ते तुमच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहा, ज्याला गरज असेल तो वाचेल. मला घरबसल्या जास्तीचं कळलं तर ती लबाडी झाली.

माझा कॉम्प्युटर गाडी काढायला बरा आहे. पळवायला गेलं की धापा टाकतो आणि बंद पडतो. माझ्यासारखाच.

दादा

२ एप्रिल

दादा,

तुझी आज्ञा पाळली, सहा आठवडे तोंडाला कुलूप लावलं. गाड्या आल्या, तपासणी झाली. नंबर सांगत नाही, काही सांगत नाही. फक्त एवढंच सांगते की काल एका डिकीच्या कडेवरून हात फिरवला, म्हणजे माउस फिरवला, आणि माझी बोटं सुखरूप आहेत.

बस. आता रागावलास तरी चालेल. मला आज इतका आनंद झालाय की चहात दोनदा साखर घातली.

चिमी

५ एप्रिल

चिमे,

कसली बोटं? काय लिहितेस ते तुझं तुला कळतंय का? नियम कशासाठी केले? एक शब्द जास्त लिहू नकोस. मी काही विचारणार नाही आणि तू काही सांगणार नाहीस.

जे तपासायचं ते सगळ्यांचं सारखं तपास. एवढंच.

दादा

२८ एप्रिल

दादा,

कसं लिहू? तीनदा लिहिलं आणि पुसलं. फोन उचलायची हिंमत नाही.

काल शर्यत झाली. नऊ नंबरची गाडी पहिली आली. मी उड्या मारल्या. घड्याळजी बघतच राहिले, म्हणाले बाई, तुम्ही आयोजक आहात, बसा. मग त्यांनी कुलपातली नावं काढून वाचायला सुरुवात केली. नऊ नंबरला मी डोळे मिटून बसले होते, तुझं नाव ऐकायला. नाव कुणा मुलीचं आलं. खाली तिने लिहिलं होतं, 'डिकीची खाच आमच्या चित्राच्या सरांची.'

तुझं नाव सतरा नंबरला होतं.

सतरा मी बाहेर काढली होती, दादा. मी. माझ्या हाताने.

आता सगळं सांगते. मार्चमध्ये एकाने पानावर विचारलं, खडीवर चाक फुटलं तर काय? आम्ही ठरवलं, गाडी आपली आपण थांबेल, स्टेपनी लावेल आणि पुढे जाईल, वेळ जाईल तेवढा जाईल. म्हणून अट वाढवली, स्टेपनी हवीच, नसेल ती गाडी बाद. घड्याळजींनी ती पानाच्या तळाला बारीक करड्या अक्षरात टाकली. तुला वेगळं कळवायचं नव्हतं, तूच सांगितलं होतंस. तपासायला बसले तेव्हा भागांच्या यादीवरून कळलं, दोनच गाड्यांत स्टेपनी नव्हती, नऊ आणि सतरा.

नऊची डिकी उघडली आणि खाच दिसली. मला वाटलं, हा माझा दादा. घड्याळजींना म्हटलं, सूचना बारीक अक्षरात होती, चूक आपलीही आहे, यांना चाक घालून परत पाठवायला सांगा. ते म्हणाले, मग सतराला? मी काय म्हणाले माहितीये? 'दोघांना सोडलं तर नियम कशाला?' तुझंच म्हणणं तुझ्याच गाडीवर मारलं. सतराची डिकी मी पुरती उघडलीसुद्धा नाही. साधी, काळी, ठेंगणी गाडी होती. छान होती. मी मनात म्हटलं, छान आहे बिचारी, आणि पुढे गेले.

काल निकालानंतर ती नीट उघडून पाहिली. खाच का नव्हती रे? तुझ्या गाडीला खाच नाही असं कधी झालंय का?

मी पानावर सगळं लिहिणार आहे. पक्षपात केला म्हणून. नऊचं बक्षीसही काढून घेते.

चिमी

३ मे

चिमे,

आधी पाणी पी.

खाच नव्हती कारण मी काढली नाही. काढली असती तर तू ओळखली असतीस, आणि ओळखल्यावर तू काय केलं असतंस ते तू करून दाखवलंसच. गाडी तयार झाल्यावर दोन दिवस डिकीकडे बघत बसलो. हात शिवशिवत होते. तरी घातली नाही. म्हटलं, ही पोर गेल्या वर्षी लोकांच्या शिव्या खाऊन बसलीये, आता भावामुळे परत नको. तुझं ते बोटांचं पत्र आलं तेव्हा कळलं की गफलत झालीये, माझ्या वर्गातल्या कुणाची तरी गाडी तू माझी समजलीस. पण बोलणार कसा? 'ती माझी नाही' म्हटलं तरी नियम मोडला. आपण दोघं जगातले पहिले शहाणे.

स्टेपनीची सूचना मी पाहिली नाही. नियमात नाही म्हणून वजन वाचवायला चाक काढून टाकलं होतं. टॅक्सीवाल्याचा मुलगा आणि डिकीत स्टेपनी नाही, बाबांनी कानाखाली जाळ काढला असता. तेव्हा बाहेर गेली ते योग्यच झालं. नियम मीच लिहिला होता.

नऊ नंबरच्या मुलीला हात लावायचा नाही. निकालात नाव ऐकलं, वर्गात तिसऱ्या रांगेत बसायची, पेन्सिल दातात धरायची. तिने चाक घालून पाठवलं, तुम्ही सांगितलंत म्हणून पाठवलं. तिचा काय दोष? तिची पहिली आली म्हणजे खाच तरी पहिली आली असं मी धरतो.

पुढच्या वर्षी बघू.

दादा

६ मे

चिमीताई,

मी कधी तुम्हाला लिहीत नाही, आपलं सगळं फोनवरच. पण फोनवर बोलले तर ह्यांना ऐकू जाईल, कान अजून तिखट आहेत.

'पुढच्या वर्षी बघू' असं हे तुम्हाला टाइप करत होते ते मला दिसलं, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. पुढच्या वर्षी ह्यांना काही बघता येणार नाही. चष्म्याचं वगैरे सगळं खोटं. डोळ्याच्या आतला मधला भाग जातोय. समोर धरलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, कडेचे कान दिसतात. डॉक्टर म्हणाले, काही महिने, मग कडेचंही फारसं राहणार नाही. उपाय नाही. तीन डॉक्टर झाले. वर्ग म्हणूनच बंद केला. पोरांच्या चित्रावर पेन्सिल ठेवायची जागा चुकायला लागली होती.

ती गाडी काढताना पडद्याला नाक लावून बसायचे. एकेक रेघ चार चार वेळा मोठी करून बघायची. मी ओरडले, की आहे ती नजर जपा. तर म्हणाले, 'जपून काय करू? लोणचं घालू? एक गाडी पळताना बघू दे, मग जाऊ दे.' चिमीताई, ह्यांना बक्षीस नको होतं. फक्त बघायची होती.

मी सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नका असं म्हणणार होते. पण आता कळलं तर कळू दे.

वहिनी

९ मे

दादा,

वहिनीने सांगितलं. तिला बोलू नकोस, बोलायचं तर मला बोल.

मी तुझ्यावर इतकी चिडलेय की अक्षरं नीट पडत नाहीत. स्वतःवर त्याहून जास्त. बारीक अक्षरातली सूचना! देवा. आणि मी तुझ्या मोठ्या अक्षरांची चेष्टा केली होती.

पानावर मी सगळं खरं लिहिलं. मुलीला हात लावलेला नाही. पुन्हा आयोजक होणार नाही हेही लिहिलं. काही जणांनी शिव्या दिल्या, द्यायलाच हव्यात. पण मग मी विचारलं की एका माणसासाठी सगळ्या गाड्या पुन्हा एकदा सोडू का, सतरासकट? एकजात सगळे हो म्हणाले. नऊ नंबरवालीने तर रडका निरोप पाठवला, तिला माहीतच नव्हतं तुझ्या डोळ्यांचं.

मी रजा काढते आणि मशीन घेऊन येते. दोन दिवसांचा प्रवास आहे, असू दे. तुझ्या शेजारी बसून बघते. पुढच्या रविवारी चालेल?

चिमी

१३ मे

चिमे,

येऊ नकोस. ते मशीन गाडीत घालून आणशील आणि वाटेत त्याचा एखादा तुकडा सैल होईल, मग बसू दोघं त्याच्याकडे बघत. तिथूनच सोड, मी इथे पडद्यावर बघतो. शेजारच्याने चांगला मोठा पडदा देऊ केलाय.

आणि घाई नको. वहिनीने तुला घाबरवून सोडलंय. मला दिसतंय. मान जरा वाकडी केली की सगळं दिसतं, कोंबडीसारखं. डॉक्टर लोक वेळ कमीच सांगतात. सगळ्यांना जमेल असा दिवस धर, सगळ्या गाड्या येऊ देत. अर्ध्यामुर्ध्या गाड्यांत पळाली तर ती पळाली असं मी म्हणणार नाही.

एक अट. सतरा मी काढली तशीच सोडायची. स्टेपनी घालायची नाही, खाच घालायची नाही. मेहेरबानी नको. जशी आहे तशी पळू दे.

दादा

१० जून

दादा,

काल तू फोन ठेवलास आणि मी इकडे टाळ्या वाजवत बसले. वेड्यासारख्या.

सगळे जमायला महिना गेला, पण तूच म्हणालास म्हणून थांबले. एकही गाडी कमी नव्हती. रविवारची दुपार, घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, ठरल्या मिनिटाला शिट्टी मारली. मी मुद्दाम फोनवर काही बोलले नाही. म्हटलं, तो बघतोय, मध्ये बडबड नको. तुझ्या घरच्या पडद्यातून इंजिनांचा आवाज माझ्या फोनमध्ये येत होता आणि त्यावर तुझा आवाज. 'सुटली! सुटली बघ!' म्हणालास. लहानपणी मला सायकल शिकवताना असाच ओरडायचास.

किती सुंदर पळते रे ती. वळणावर जमिनीला पोट लावून बसते, डोलत नाही. दुसऱ्या फेरीत चौघींना मागे टाकलं. लोक पडद्यावर लिहीत होते, ही काळी कुणाची, ही काळी कुणाची. घड्याळजींच्या तोंडून 'वा' निघालं. त्यांच्या तोंडून वेळेशिवाय मी कधी काही ऐकलेलं नाही.

चौथ्या फेरीला खडीवर पुढचं चाक फुटलं आणि ती कडेला थांबली. स्टेपनी नाही, म्हणून तिथेच राहिली. आणि तू काय म्हणालास? 'वा, बघ कशी पळतेय!' गाडी कडेला बंद पडलेली, आणि तू असं म्हणतोस. मला वाईट वाटू नये म्हणूनच ना? तू म्हणजे ना. शेवटी 'डोळे भरून पाहिली गं' म्हणालास आणि फोन ठेवलास. मला आभार मानायलाही वेळ दिला नाहीस.

ती थांबली तरी मला काही वाटत नाही. तू पाहिलीस. मला एवढंच हवं होतं.

वहिनी, हे त्याला वाचून दाखवा, माझ्या अक्षरांवर डोळे शिणवू देऊ नका.

चिमी

१५ जून

चिमीताई,

हे तुम्हाला लिहू नये. पण एकटीला पेलत नाही, आणि घरात दुसरं आहे कोण?

रविवारी पडद्यावर चित्र आलं, सगळ्या गाड्या रांगेत उभ्या. शिट्टी झाली आणि चित्र तिथेच अडकलं. आवाज येत राहिला. मी बटणं दाबली, वायर हलवली, काही होईना. गाड्या आपल्या रांगेत उभ्याच. आणि हे पडद्याकडे मान वाकडी करून फोनवर तुम्हाला सांगतायत, सुटली, सुटली बघ. तेव्हा मला कळलं. तेरा मेच्या पत्रात तुम्हाला 'दिसतंय' लिहिलं तेव्हाही बहुतेक दिसत नव्हतं. ते पत्र त्यांनी टाइप केलं तेव्हा पडदा बंदच होता, मला वाटलं वाचवतात नजर. मलाही नाही सांगितलं. भिंतीला हात लावून चालायचे, तर म्हणायचे गुडघा दुखतो.

मी शेजारी बसून त्यांचा हात धरला. ते आवाजावरून सगळं रचून सांगत होते. फोन ठेवल्यावर हळूच विचारलं, 'कितवी आली गं?' मी म्हटलं, पहिली. मला तरी कुठे दिसलं होतं? ते हसले. इतक्या महिन्यांत असे हसले नव्हते. चार दिवस घरात एक वेगळाच माणूस होता. दूधवाल्याला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, माझी गाडी पहिली आली.

मग तुमचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं आणि चाक फुटल्यापासूनचं गाळलं. थेट 'तू म्हणजे ना' वर आले, पुढचं 'ती थांबली'ही गाळलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं, परत वाचलं. आज सकाळी चहाबरोबर मी तिसऱ्यांदा वाचून दाखवत होते, तर हे म्हणाले, 'दर वेळी इथे तुझा श्वास अडकतो. काय आहे इथे?'

मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, वाच. मग मी वाचलं. चाक, खडी, स्टेपनी, सगळं वाचलं.

मला वाटलं आता नियम सांगतील, योग्यच झालं म्हणतील. आयुष्यभर तेच ऐकत आले. पण ते म्हणाले, 'खाच ठेवायला हवी होती गं मी. चिमीने ओळखली असती, एप्रिलमध्येच पळाली असती. तेव्हा मला दिसत होतं.'

पुढच्या पत्रात गाडीचं काही लिहू नका, चिमीताई. त्यांचा चहा गार झाला होता, तो गरम करायला मी उठले.

वहिनी